महामृत्युंजय मंत्राने उघडणारा 'डूम मेटल' अल्बम : 'ओम' बँडचा 'अद्वैतिक साँग्ज'

त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यापासून घरोघरीच्या देवघरापर्यंत ज्याचे पठण चालते, तो महामृत्युंजय मंत्र एखाद्या अमेरिकी 'मेटल' बँडच्या अल्बमच्या आरंभीच ऐकू आला, तर नाशिककर श्रोता चकित झाल्यावाचून राहणार नाही. 'ओम' हेच नाव धारण केलेल्या बँडने जुलै २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'अद्वैतिक साँग्ज' या अल्बमची सुरुवात याच मंत्राने होते. स्त्रीकंठातील मंत्रस्वर, त्यामागे तबला, चेलो आणि संथ बास गिटार अशी त्याची मांडणी आहे. बँडचा हा पाचवा स्टुडिओ अल्बम. २००९ च्या 'गॉड इज गुड' या वाखाणल्या गेलेल्या अल्बमनंतर तीन वर्षांनी तो आला आणि 'मेटल' म्हणवणाऱ्या संगीताच्या सीमा नेमक्या कोठे संपतात, हा प्रश्न त्याने श्रोत्यांपुढे ठेवला. भारतीय श्रोत्यासाठी त्यात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. आपल्याकडील मंत्र, तबला आणि तंबोरा येथे केवळ सजावटीसाठी आले आहेत, की त्या संगीताच्या मूळ रचनेतच त्यांना जागा होती?

डूम मेटल म्हणजे काय?

'हेवी मेटल' म्हटले की कानठळ्या बसवणारा वेग डोळ्यांपुढे येतो. 'डूम मेटल' हा त्याच घराण्यातील, परंतु विलंबित लयीत रमणारा प्रकार होय. त्याचे मूळ इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात आहे. तेथील 'ब्लॅक सबाथ' या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाला. बँडचे गिटारवादक टोनी आयॉमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तरुणपणी पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली तुटली होती. प्लास्टिक वितळवून केलेली टोपणे बोटांवर चढवून ते वाजवीत. पुढे त्यांनी गिटारच्या तारा नेहमीपेक्षा सैल लावण्यास सुरुवात केली. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' या अल्बममधील काही गाण्यांत हा खाली उतरवलेला, जड स्वर स्पष्ट ऐकू येतो.

हा खर्जातील स्वर आणि संथ चाल पुढील पिढ्यांनी वेगळी काढून वाढवली. अमेरिकेतील 'सेंट व्हायटस', 'पेंटाग्राम' व 'ट्रबल' हे बँड त्यांपैकी होत. स्वीडनच्या 'कँडलमास' या बँडने १९८६ मध्ये पहिल्या अल्बमच्या नावातच 'डूम' हा शब्द लॅटिन थाटात गुंफला. भारतातही हा प्रवाह पोहोचला. बंगळुरूचे 'बेवार सी' आणि 'जिन अँड मिस्काटॉनिक', तर मुंबईचा 'डर्ज' ही त्यातील ठळक नावे होत. 'डर्ज'चा 'आह पुच' हा अल्बम २०१८ मध्ये आला. प्राचीन माया संस्कृतीतील मृत्युदेवतेचे नाव त्याला दिलेले आहे.

यशानंतरचा अवघड टप्पा

एखादा अल्बम गाजला की पुढचा कसा करावा, हा पेच सर्वच कलावंतांना पडतो. डूम मेटलमध्ये तो अधिक तीव्र असतो, कारण या प्रकाराचा श्रोता निष्ठावान असतो आणि बदलाकडे संशयाने पाहतो. इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील दोन बँडचे अनुभव या दृष्टीने बोलके आहेत. 'पॅराडाइज लॉस्ट'ने १९९५ च्या 'ड्रॅकोनियन टाइम्स'ने मोठे नाव मिळवले आणि १९९९ च्या 'होस्ट'मध्ये गिटारचा जडपणा बाजूला सारून इलेक्ट्रॉनिक वाद्यांची वाट धरली. जुने चाहते त्यामुळे दुखावले. कालांतराने बँड पुन्हा जड संगीताकडे वळला. 'माय डाइंग ब्राइड'नेही १९९८ मध्ये असाच एक प्रयोगशील अल्बम केला आणि पुढच्याच वर्षी जुन्या शैलीकडे परतणे पसंत केले.

या दोन्ही उदाहरणांत प्रयोग म्हणजे मूळ रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्याला लागणे होते. 'ओम'ची गोष्ट वेगळी का, हे समजण्यासाठी त्याआधीच्या 'स्लीप' या बँडकडे जावे लागते.

'स्लीप' आणि तासाभराचे गाणे

कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे १९९० च्या सुमारास 'स्लीप' बँड उभा राहिला. अल सिस्नेरोस हे बास गिटार व गायन, मॅट पाइक गिटार आणि ख्रिस हॅकियस ड्रम सांभाळत. 'स्लीप्स होली माउंटन' या १९९२ च्या अल्बमने 'ब्लॅक सबाथ'ची परंपरा नव्या जोमाने पुढे नेल्याबद्दल त्यांचे कौतुक झाले. पुढे 'लंडन रेकॉर्ड्स' या मोठ्या कंपनीने त्यांच्याशी करार केला. कंपनीला साहजिकच बाजारात खपणारी गाणी हवी होती.

बँडने मात्र एकच गाणे तयार केले आणि ते तासाभराहून लांब होते. कित्येक वर्षे तालमीत घोळवलेली ही रचना १९९६ मध्ये निर्माते बिली अँडरसन यांच्यासोबत ध्वनिमुद्रित झाली. त्या काळच्या ध्वनिफितीच्या रिळावर एवढी लांब रचना सलग मावत नसल्याने ती तुकड्यातुकड्यांनी मुद्रित करून जोडावी लागली. गाण्याचा विषय होता गांजाच्या धुरात वाळवंटातून पवित्र भूमीकडे निघालेल्या यात्रेकरूंचा काफिला. विनोद आणि भक्ती यांची सरमिसळ त्यात होती. एकच स्वरावली पुन:पुन्हा येत राहते, तिच्यात अगदी सूक्ष्म बदल होत जातात आणि गाणे पुढे सरकते.

कंपनीने हे काम प्रसिद्ध करण्यास नकार दिला. त्या ओढाताणीत बँड मोडला. १९९९ मध्ये 'जेरुसलेम' या नावाने सुमारे ५२ मिनिटांची आवृत्ती दुसऱ्या कंपनीमार्फत बाजारात आली, तर २००३ मध्ये सुमारे ६३ मिनिटांची 'डोपस्मोकर' ही आवृत्ती प्रकाशित झाली. ज्या अल्बममुळे बँड फुटला, तोच पुढे या संगीतप्रकाराचा मानदंड ठरला. गाजलेल्या अल्बमनंतरचा प्रयोग कलावंतांना किती महाग पडू शकतो, याचे याहून ठळक उदाहरण या क्षेत्रात सापडणे कठीण.

गिटारवादक नसलेला बँड

'स्लीप' मोडल्यावर मॅट पाइक यांनी 'हाय ऑन फायर' हा वेगवान, आक्रमक बँड काढला. सिस्नेरोस व हॅकियस काही वर्षांच्या शांततेनंतर २००३ मध्ये पुन्हा एकत्र आले. या नव्या बँडचे नाव 'ओम'. त्यात गिटारवादकच नव्हता. एक बास गिटार, एक ड्रम संच आणि सिस्नेरोस यांचे एकसुरी पठणासारखे गायन एवढाच संसार होता. मेटल संगीतात गिटार हे प्रमुख वाद्य मानले जाते. तेच वगळल्याने उरला तो खर्जाचा पाया.

'व्हेरिएशन्स ऑन अ थीम' हा पहिला अल्बम २००५ मध्ये आला. २००६ च्या 'कॉन्फरन्स ऑफ द बर्ड्स'चे शीर्षक फारसी सूफी कवी अत्तार यांच्या काव्यावरून घेतले आहे. त्यात अवघ्या दोन रचना आहेत. २००७ च्या 'पिल्ग्रिमेज'चे ध्वनिमुद्रण स्टीव्ह अल्बिनी यांनी केले. २००८ मध्ये हॅकियस बाजूला झाले आणि 'ग्रेल्स' या बँडचे एमिल एमॉस ड्रमवर आले.

एमॉस यांच्या आगमनाने 'ओम'चा पोत बदलला. अल्बिनी यांनीच मुद्रित केलेल्या 'गॉड इज गुड'मध्ये चार रचना आहेत. पहिली 'थीब्ज' सुमारे १९ मिनिटांची असून तिच्या तळाशी रॉबर्ट लो यांनी वाजवलेला तंबोरा आहे. अखेरच्या दोन शब्दविरहित रचनांचे नाव 'क्रिमेशन घाट', म्हणजे स्मशानघाट असे आहे. भारताकडे वळलेली नजर येथे प्रथम स्पष्ट दिसते. तरीही हा अल्बम मुख्यत: बास आणि ड्रम यांचाच राहिला. पुढचे पाऊल 'अद्वैतिक साँग्ज'मध्ये पडले.

पाच रचनांचा प्रवास

'अद्वैतिक साँग्ज' 'ड्रॅग सिटी' या शिकागोच्या कंपनीने प्रसिद्ध केला. त्यात पाच रचना असून एकूण लांबी सुमारे ४४ मिनिटे आहे. पहिल्या 'अदिस' या रचनेत केट रॅमसे यांच्या आवाजात महामृत्युंजय मंत्र येतो. होमनाथ उपाध्याय यांचा तबला आणि जॅकी पेरेझ ग्रॅट्झ यांचा चेलो हे या अल्बमचे महत्त्वाचे धागे आहेत. येथे विद्युत गर्जना नाही. जुन्या श्रोत्याला आपण भलताच अल्बम लावला की काय, अशी शंका यावी इतकी ही सुरुवात वेगळी आहे.

दुसऱ्या 'स्टेट ऑफ नॉन-रिटर्न'मध्ये ती शंका दूर होते. खरखरीत, जड बास आणि दणदणीत ड्रम यांच्या साह्याने बँड आपली मूळ ओळख पटवतो. शेवटी तंतुवाद्ये तो भार हलका करतात. 'गेथशेमाने' आणि 'सिनाय' या प्रत्येकी दहा मिनिटांहून लांब रचना अखंड स्वराच्या आधाराने हळूहळू उलगडतात. शेवटची 'हक्क अल-यकीन' पुन्हा शांततेकडे जाते.

शीर्षकांचा क्रम विचारपूर्वक लावलेला दिसतो. 'अदिस' हा शब्द इथिओपियाच्या राजधानीचे, पर्यायाने तेथील प्राचीन ख्रिस्ती परंपरेचे स्मरण करून देतो. गेथशेमाने ही येशूने अटकेपूर्वी प्रार्थना केलेली बाग, तर सिनाय हा मोशेला दहा आज्ञा मिळाल्या तो पर्वत. 'हक्क अल-यकीन' म्हणजे सूफी परिभाषेतील ज्ञानाची तिसरी व सर्वोच्च पायरी : ऐकून जाणणे, पाहून जाणणे आणि त्यानंतर स्वत: त्यात विरून जाणणे. मुखपृष्ठावर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे पारंपरिक धर्मचित्र आहे. या सर्वांवर नाव मात्र वेदान्तातील अद्वैताचे.

मिरजेचा तंबोरा आणि विद्युत गर्जना

तंबोरा आणि डूम मेटल यांची जवळीक योगायोगाची नाही. ती ध्वनीच्या गुणधर्मातच आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली बारीक दोरा सरकवून 'जवारी' लावली जाते. त्यामुळे तार घोडीला हलकेच घासत कंप पावते आणि मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर ठळक होतात. उत्तम लागलेल्या तंबोऱ्यातून कोणीही न छेडलेला 'स्वयंभू गंधार' ऐकू येतो, तो यामुळेच. डूम मेटलमधील बास गिटारचा स्वर ॲम्प्लिफायरमधून मुद्दाम क्षमतेपलीकडे ताणला जातो, तेव्हाही मूळ स्वरावर उपस्वरांचे दाट थर चढतात. साधन वेगळे असले तरी श्रोत्याकडून अपेक्षा एकच असते : पुढचा स्वर कोणता, याची वाट पाहण्याऐवजी चालू स्वराच्या आत काय आहे, ते ऐकावे.

या नात्याला इतिहासाचाही आधार आहे आणि त्याचे एक टोक महाराष्ट्रात आहे. सांगली जिल्ह्यातील मिरज हे तंतुवाद्यांचे गाव. पंढरपूर परिसरातील भोपळ्यांपासून येथील कारागीर पिढ्यान् पिढ्या तंबोरे घडवत आले असून मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच मिरजेत स्थायिक झाले. १९३७ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांचे दफनही येथेच झाले. याच घराण्याचे दुसरे स्तंभ उस्ताद अब्दुल वहीद खाँ. त्यांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेत गेले. स्वराची संथ, सूक्ष्म बढत आणि तंबोऱ्याच्या नादाला दिलेले महत्त्व हे त्यांच्या गायकीचे विशेष होते. ला माँट यंग आणि टेरी रायली या अमेरिकी संगीतकारांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले.

यंग यांच्या दीर्घ, अखंड स्वरांच्या संगीताचा प्रभाव पुढे सिअॅटलच्या 'अर्थ' या बँडवर पडला. त्यांचा १९९३ चा 'अर्थ २' हा अल्बम म्हणजे सत्तर मिनिटांहून अधिक काळ चालणारा गिटार व बासचा गडगडाट असून त्यात फक्त तीन रचना आहेत. मेटल संगीतातील 'ड्रोन' म्हणजे अखंड स्वराच्या शाखेचा तो पाया मानला जातो. त्यामुळे सिस्नेरोस व त्यांचे सहकारी तंबोऱ्याकडे वळले, तेव्हा या प्रकाराने वळणावळणाने आधीच आपलासा केलेला सूर ते उघडपणे वापरू लागले, असे म्हणता येईल.

मराठी श्रोत्याला अखंड स्वराची कल्पना नवी नाही. हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवली जात नाही. पहारेकरी बदलतात, पण वीणा आळीपाळीने खांद्यावर राहते. 'डोपस्मोकर'ची तासभर न तुटणारी स्वरावली आणि सप्ताहातील वीणा यांचे हेतू सर्वस्वी भिन्न आहेत. परंतु खंड न पडणे हाच अनुभवाचा गाभा, ही जाण दोहोंत समान आहे.

मंत्राचा वापर : मर्यादा आणि बाजू

महामृत्युंजय मंत्र ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात आहे. 'त्र्यंबक' या संबोधनामुळे नाशिकपासून सुमारे २८ किलोमीटरवरील त्र्यंबकेश्वर या ज्योतिर्लिंगाशी तो श्रद्धेने जोडला जातो. वेदपठणात उदात्त, अनुदात्त व स्वरित या स्वरांचे नियम काटेकोर असतात. स्वर चुकला तर अर्थ चुकला, अशी परंपरेची धारणा आहे. ही मौखिक परंपरा युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत २००८ पासून समाविष्ट आहे.

या कसोटीवर 'अदिस'मधील मंत्र पारंपरिक पठण ठरत नाही. तो चालीत बांधलेला असून वाद्यांच्या साथीने येतो. मात्र हा आक्षेप केवळ परदेशी बँडवर घेणे न्याय्य ठरणार नाही. मंदिरांच्या परिसरातील दुकानांतून वर्षानुवर्षे विकल्या गेलेल्या ध्वनिफिती व सीडींवरही हा मंत्र बहुधा चालीतच असतो आणि त्यामागे सिंथेसायझर वाजत असतो. स्त्रीकंठातील मंत्र हाही आता अपवाद राहिलेला नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेने स्त्रियांना पौरोहित्याचे शिक्षण दिले आहे. त्या तुलनेत 'अदिस'मधील हाताळणी संयत आहे. मंत्राची पुनरावृत्ती हा रचनेचा कणा असून वाद्ये त्याच्यावर कुरघोडी करत नाहीत.

शीर्षकातील अद्वैताबाबत मात्र अधिक काटेकोर राहावे लागते. शांकर वेदान्तात अद्वैत म्हणजे जीव आणि ब्रह्म दोन नाहीत हा सिद्धान्त. सर्व धर्मांची चिन्हे शेजारी शेजारी मांडणे म्हणजे अद्वैत नव्हे. तो धर्मसमन्वयाचा विचार झाला. महाराष्ट्रात अद्वैताची स्वतंत्र, रसाळ मांडणी ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'त केली आणि त्यांचे गुरू व थोरले बंधू निवृत्तिनाथ यांची समाधी त्र्यंबकेश्वरीच आहे. त्या परंपरेशी परिचित असणाऱ्याला 'अद्वैतिक साँग्ज'मधील तत्त्वचिंतन तुटक वाटण्याची शक्यता आहे. सिस्नेरोस यांचे शब्द गूढ संज्ञांची साखळी गुंफतात. सिद्धान्त उलगडून सांगत नाहीत.

अल्बमचे खरे बळ शब्दांपेक्षा नादात आहे. ड्रमच्या गजरातून तबल्याकडे आणि बासच्या गर्जनेतून चेलोकडे जाताना तळाचा आधारस्वर सुटत नाही. 'होस्ट'सारख्या प्रयोगात जुने संगीत टाकून नवे घेतले गेले. 'ओम'ने मोठा आवाज कमी केला, पण संथपणा, पुनरावृत्ती आणि खर्ज ही डूम मेटलची तीन मूळ लक्षणे कायम ठेवली. त्यामुळेच मेटलच्या अनेक श्रोत्यांनी हा अल्बम आपला मानला आणि मेटल न ऐकणाऱ्यांपर्यंतही तो पोहोचला.

त्यानंतरची वाटचाल

'अद्वैतिक साँग्ज'नंतर दहा वर्षांत 'ओम'चा नवा स्टुडिओ अल्बम आला नाही. मैफली मात्र होत राहिल्या. दरम्यान २००९ मध्ये 'स्लीप' पुन्हा रंगमंचावर आला होता. हॅकियस यांच्या जागी 'न्यूरोसिस' बँडचे जेसन रोडर ड्रम वाजवू लागले आणि २० एप्रिल २०१८ रोजी 'द सायन्सेस' हा अल्बम पूर्वसूचनेशिवाय प्रसिद्ध झाला. मॅट पाइक यांच्या 'हाय ऑन फायर'ला २०१९ मध्ये मेटल विभागातील ग्रॅमी पुरस्कार मिळाला. एका नाकारलेल्या गाण्यातून निघालेल्या दोन वाटांपैकी एक वेगाकडे गेली आणि दुसरी तंबोऱ्याकडे.

हा अल्बम प्रथमच ऐकणाऱ्याने 'अदिस' आणि 'हक्क अल-यकीन' यांपासून सुरुवात करावी, नंतर 'स्टेट ऑफ नॉन-रिटर्न'कडे वळावे. ज्यांना विलंबित ख्याल ऐकण्याची सवय आहे, त्यांना या संगीताचा संथपणा जड जाणार नाही.

'अद्वैतिक साँग्ज' : एका दृष्टिक्षेपात

बँड : ओम (अमेरिका, स्थापना २००३)
मुख्य कलावंत : अल सिस्नेरोस (बास गिटार, गायन), एमिल एमॉस (ड्रम)
प्रकाशन : जुलै २०१२, ड्रॅग सिटी
आधीचा अल्बम : गॉड इज गुड (२००९)
रचना : अदिस, स्टेट ऑफ नॉन-रिटर्न, गेथशेमाने, सिनाय, हक्क अल-यकीन
लांबी : सुमारे ४४ मिनिटे
प्रमुख साथ : तबला, चेलो, स्त्रीकंठातील मंत्रगायन